पाणी का पुरत नाही? : परिसरातील टंचाईच्या मूळ कारणाचा शोध

टंचाई आणि पूर

२०१९ च्या जून महिन्यात चेन्नई शहराला पाणी पुरविणारे चारही प्रमुख जलाशय जवळजवळ कोरडे पडले. पूंडी, चोळवरम, पुळल आणि चेंबरम्बाक्कम या जलाशयांची एकत्रित साठवणक्षमता सुमारे ३२ कोटी घनमीटर आहे. त्या महिन्यात तिच्या एक टक्का इतकेही पाणी त्यांत शिल्लक नव्हते. नळ आटले, टँकरपुढे घागरींच्या रांगा लागल्या, काही कार्यालयांनी कर्मचाऱ्यांना घरूनच काम करण्यास सांगितले. १२ जुलै रोजी जोलारपेट्टै येथून पन्नास वाघिणींची पहिली पाणीगाडी सुमारे २५ लक्ष लिटर पाणी घेऊन शहरात आली. २०१६ साली मिरजेहून लातूरला गेलेल्या पाणीगाडीची आठवण या प्रसंगाने अनेकांना झाली असेल.

या संकटाचे कारण विचारले असता बहुतेकांच्या तोंडी एकच उत्तर होते : पाऊस पडला नाही. हे उत्तर खोटे नव्हते. चेन्नईला मुख्यतः ऑक्टोबर ते डिसेंबर या काळातील ईशान्य मोसमी पावसावर अवलंबून राहावे लागते आणि २०१८ साली तो निम्म्याहूनही कमी पडला होता. परंतु याच शहराने साडेतीन वर्षांपूर्वी, नोव्हेंबर-डिसेंबर २०१५ मध्ये, भीषण पूर अनुभवला होता. त्या वर्षी एकट्या नोव्हेंबरात १,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला. जे शहर एका वर्षी पाण्यात बुडते आणि पुढे चार वर्षांच्या आतच पाण्यावाचून तळमळते, त्याच्या दुःखाचे मूळ केवळ आकाशात असू शकत नाही. पडलेले पाणी कोठे गेले, ते का थांबले नाही आणि थांबविण्याची जबाबदारी कोणाची होती, हे प्रश्न त्या एका उत्तराने झाकले जातात.

शहराच्या संदर्भात या प्रश्नांची उत्तरे शोधणे अवघड असते, कारण तेथे अनेक खाती, अनेक मालक आणि अनेक हितसंबंध गुंतलेले असतात. मात्र एखादे महाविद्यालय, वसतिगृह, रुग्णालय किंवा कारखान्याची वसाहत यांचा परिसर ही या अभ्यासासाठी सोयीची भूमी होय. त्याला कुंपण असते. त्याच्या आत किती माणसे राहतात, किती विहिरी व कूपनलिका आहेत, छपरांचे क्षेत्र किती, हे मोजता येते. शिवाय पाण्याविषयी निर्णय घेणारी एक निश्चित व्यवस्था तेथे असते. म्हणूनच परिसरातील टंचाईचे मूळ शोधण्याची रीत समजून घेतली, तर मोठ्या प्रदेशाच्या टंचाईकडे पाहण्याची दृष्टीही त्यातून लाभते.

लक्षण आणि कारण

तापाने फणफणलेल्या रोग्याच्या कपाळावर थंड पाण्याची घडी ठेवली म्हणजे त्याला क्षणभर बरे वाटते. परंतु ताप हिवतापाचा आहे की विषमज्वराचा, हे ठरविल्यावाचून औषध देता येत नाही. कोरडा नळ हेही असेच एक लक्षण आहे. टँकर मागविणे ही कपाळावरची घडी होय. ती कधीकधी अत्यावश्यक असते, पण तिला उपचार समजणे ही चूक ठरते.

लक्षणापासून मूळ कारणापर्यंत पद्धतशीरपणे पोहोचण्याच्या रीतीला मूलकारण-विश्लेषण असे म्हणतात. तिचा विकास प्रामुख्याने कारखान्यांत झाला. ‘का’ हा प्रश्न पुनःपुन्हा विचारण्याच्या प्रथेचे श्रेय जपानमधील यंत्रमागांचे संशोधक साकिची तोयोदा (१८६७–१९३०) यांना दिले जाते. पुढे ताइची ओनो यांनी तोयोता मोटार कारखान्यात ती रूढ केली आणि १९७८ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात तिचे एक उदाहरण दिले. एक यंत्र बंद पडले, कारण भार वाढून फ्यूज उडाला. भार वाढला, कारण धारव्याला पुरेसे वंगण मिळाले नाही. वंगण मिळाले नाही, कारण वंगणाचा पंप नीट चालत नव्हता. पंप चालत नव्हता, कारण त्याचा दांडा झिजला होता. दांडा झिजला, कारण पंपाला गाळणी नसल्यामुळे धातूचा कीस आत शिरत होता. पहिल्याच उत्तरावर थांबणारा कामगार फ्यूज बदलील आणि काही दिवसांनी तो पुन्हा बदलील. पाचव्या उत्तरापर्यंत जाणारा गाळणी बसवील.

पाण्याच्या बाबतीत नवी कूपनलिका खोदणे हे बहुधा फ्यूज बदलण्यासारखेच ठरते. त्यातही एक महत्त्वाचा भेद आहे. फ्यूज बदलल्याने यंत्राचे अधिक नुकसान होईलच असे नाही. परंतु खालावत चाललेल्या भूजलात आणखी एक कूपनलिका सोडल्याने मूळ दुखणे बळावते.

तक्रार नेमकी कोणती?

विश्लेषणाची पहिली पायरी म्हणजे समस्येचे नेमके वर्णन. ‘परिसरात पाण्याची टंचाई आहे’ या वाक्यावरून कोणताही शोध सुरू करता येत नाही. पाणी कोठे कमी पडते, केव्हा पडते, कोणाला पडते आणि किती पडते, या चार प्रश्नांची उत्तरे प्रथम मिळवावी लागतात.

विवेचनासाठी चेन्नईसारख्या हवामानातील एक काल्पनिक महाविद्यालयीन परिसर घेऊ. त्याचे क्षेत्र ४० हेक्टर, वसतिगृहांत व निवासस्थानांत राहणारी माणसे ३,०००, तर दिवसापुरती येणारी २,००० असे मानू. ‘एप्रिल महिन्यात पाणी येत नाही’ अशी तेथील तक्रार आहे. प्रत्येक इमारतीत सकाळी सहा, दुपारी दोन आणि रात्री नऊ वाजता नळांची आणि टाक्यांची पाहणी करून आठवडाभर नोंदी ठेवल्या, तर चित्र बहुधा वेगळे दिसते. असे समजू की, मुलींच्या वसतिगृहाच्या तिसऱ्या मजल्यावर सकाळी सातनंतर पाणी नाही. नळवाटेच्या टोकाला असलेल्या सफाई कामगारांच्या चाळीत दिवसातून जेमतेम अर्धा तास पाणी येते. परंतु पंपगृहाजवळच्या अतिथिगृहाची टाकी रोज पहाटे भरून वाहते. म्हणजे ज्याला सरसकट टंचाई म्हटले जात होते, ती काहींच्या वाट्याला आलेली टंचाई आणि काहींच्या दारात होणारी नासाडी होती.

ही नोंद केवळ तांत्रिक नव्हे. तक्रार करण्याची ताकद ज्यांच्यापाशी असते त्यांचे नळ सहसा शेवटी आटतात, आणि ज्यांचे नळ प्रथम आटतात त्यांची तक्रार कार्यालयापर्यंत उशिरा पोहोचते. तिसऱ्या मजल्यावर बादल्या चढविणाऱ्या मुलीचा आणि चाळीतील नळापाशी पहाटे चारला रांग लावणाऱ्या बाईचा वेळ कोणत्याही वहीत मांडला जात नाही. समस्येचे वर्णन करतानाच हा भाग सुटला, तर पुढचे सगळे विश्लेषण अचूक असूनही अपुरे राहते.

पाण्याचा ताळेबंद

दुसरी पायरी मोजमापाची. भारतीय मानकांनुसार वसतिगृहात राहणाऱ्या व्यक्तीसाठी दररोज १३५ लिटर आणि दिवसापुरत्या येणाऱ्या विद्यार्थ्यासाठी किंवा कर्मचाऱ्यासाठी ४५ लिटर पाणी लागते असे धरतात. त्यावरून या काल्पनिक परिसराची दैनंदिन गरज अशी निघते : ३,००० माणसांसाठी ४,०५,००० लिटर आणि २,००० माणसांसाठी ९०,००० लिटर, एकूण ४,९५,००० लिटर. वर्षाची गरज सुमारे १८ कोटी लिटर.

आता पावसाचा हिशेब पाहावा. चेन्नईचे वार्षिक सरासरी पर्जन्यमान सुमारे १,४०० मिलिमीटर आहे. ४० हेक्टरांवर इतका पाऊस पडला म्हणजे ५६ कोटी लिटर पाणी कुंपणाच्या आत उतरते. हा आकडा गरजेच्या तिप्पट आहे. येथे अनेकजण घाईने निष्कर्ष काढतात की, पाणी भरपूर आहे, फक्त ते अडविले की झाले. परंतु पडलेला प्रत्येक थेंब हाती लागत नाही. त्यातील मोठा भाग जमिनीवरून वाहून जातो, काही बाष्परूपाने हवेत परततो, काही झाडे शोषून घेतात. शिवाय हा पाऊस प्रामुख्याने तीन महिन्यांत, तोही मोजक्या दिवसांत पडतो. गरज मात्र वर्षाचे ३६५ दिवस असते.

छपरांचे क्षेत्र ४ हेक्टर असून त्यांवरील ८० टक्के पाणी गोळा करता येते असे धरले, तर सुमारे साडेचार कोटी लिटर मिळतात. उरलेल्या ३६ हेक्टरांवरील पावसाचा दहावा हिस्सा जमिनीत मुरतो असे मानले, तर आणखी पाच कोटी लिटर भूजलात जमा होतात. दोन्ही मिळून साडेनऊ कोटी, म्हणजे गरजेच्या निम्म्याहून किंचित अधिक. उरलेल्या भागासाठी नगरपालिकेचे पाणी, बाहेरचा स्रोत किंवा वापरलेल्या पाण्याचा पुनर्वापर यांपैकी कशाचा तरी आधार घ्यावाच लागतो. मानकांत १३५ लिटरांपैकी ४५ लिटर शौचालयांच्या फ्लशसाठी धरलेले आहेत. तेवढ्यापुरते शुद्ध केलेले सांडपाणी वापरले, तर निवासी लोकांच्या गरजेतून वर्षाला सुमारे पाच कोटी लिटर ताजे पाणी वाचते. असा ताळेबंद मांडल्यावर आशा आणि वास्तव दोन्ही आपापल्या जागी येतात.

ताळेबंदाची दुसरी बाजू प्रत्यक्ष उपशाची. असे समजू की, सर्व पंपांच्या नोंदी तपासल्यावर दररोज ६,५०,००० लिटर पाणी उपसले जाते असे आढळले. गरज ४,९५,००० लिटरांची आणि उपसा त्याहून १,५५,००० लिटरांनी अधिक. तरीही नळ कोरडे! हे अंतर कोठे नाहीसे होते, हा शोधाचा गाभा ठरतो.

त्यासाठी एक साधी चाचणी आहे. रात्री एक ते चार या वेळेत, पंप बंद असताना, उंचावरच्या टाकीतील पाण्याची पातळी मोजावी. टाकीच्या तळाचे क्षेत्रफळ ५० चौरस मीटर आहे आणि तीन तासांत पातळी १२ सेंटिमीटरने उतरली असे धरले, तर ६,००० लिटर पाणी बाहेर गेले. बहुतेक माणसे निद्रिस्त असताना ताशी २,००० लिटर जात असतील, तर त्यांतील बहुतांश पाणी गळतीचेच असण्याचा संभव असतो. हाच वेग दिवसभर राहिला असे मानल्यास २४ तासांत ४८,००० लिटर होतात. वसतिगृहांत रात्रीही थोडा वापर असतोच, म्हणून हा आकडा वरची मर्यादा समजावा. तरीही हरवलेल्या पाण्याच्या जवळजवळ एकतृतीयांश भागाचा माग त्यातून लागतो. बाकीचा भाग भरून वाहणाऱ्या टाक्या, बागेला दिलेले पाणी आणि चालू बांधकामे यांत शोधावा लागतो.

किरकोळ वाटणाऱ्या गळतीलाही तुच्छ मानू नये. एका नळातून मिनिटाला १०० मिलिलिटर, म्हणजे अर्ध्या पेल्याइतके पाणी ठिबकत असेल, तर दिवसाला १४४ लिटर जातात. वसतिगृहातील एका विद्यार्थ्याच्या दिवसभराच्या वाट्याहून हे अधिक आहे.

‘का’ची साखळी

मोजमाप हाती आल्यावर ‘का’ विचारण्यास प्रारंभ करता येतो. येथे एक नियम कटाक्षाने पाळावा लागतो : प्रत्येक उत्तर चाचणीने सिद्ध झाल्याखेरीज पुढचा प्रश्न विचारू नये. तसे न केल्यास ही साखळी विचारणाऱ्याच्या पूर्वग्रहाकडेच घेऊन जाते.

तिसऱ्या मजल्यावरील नळ का कोरडा आहे? टाकी रिकामी आहे म्हणून. याची चाचणी सोपी आहे. गच्चीवर जाऊन टाकीत पाहावे. टाकी भरलेली असूनही नळ कोरडा असेल, तर दोष नळवाटेत आहे आणि शोधाची दिशाच बदलते.

टाकी का भरली नाही? जमिनीखालच्या मुख्य हौदात पुरेसे पाणी नव्हते म्हणून. हौदातील पातळीची दर तासाची नोंद याची साक्ष देते.

हौदात पाणी का नव्हते? कूपनलिकांचे पाणी कमी झाले म्हणून. २०० लिटरांचे एक पिंप भरण्यास किती वेळ लागतो, हे घड्याळ लावून मोजले आणि पावसाळ्यानंतरच्या नोंदीशी ताडून पाहिले म्हणजे हे स्पष्ट होते.

पाणी का कमी झाले? येथे वाट दुभंगते. भूजलाची पातळी खाली गेली असेल, किंवा पंप झिजला असेल, किंवा कूपनलिकेची जाळी बुजली असेल. पंप काही तास बंद ठेवून स्थिर पातळी मोजावी. ती पूर्वीइतकीच असेल, तर भूजलाला दोष देण्याचे कारण नाही; दुरुस्ती पंपाची हवी. ती खाली गेली असेल, तरच पुढचा प्रश्न विचारण्यास अर्थ आहे.

पातळी का खाली गेली? जमिनीत जेवढे मुरते त्याहून अधिक उपसले जाते म्हणून. ताळेबंद हेच सांगतो.

कमी का मुरते? पावसाचे पाणी जमिनीत सोडण्यासाठी खोदलेले पुनर्भरण-खड्डे गाळाने भरले आहेत म्हणून. खड्ड्यात ठरावीक पाणी ओतून ते किती वेळात उतरते हे पाहिले म्हणजे खात्री पटते.

खड्डे गाळाने का भरले? कारण ते साफ करणे हे कोणाचेच काम नव्हते. बांधकाम विभागाने खड्डे बांधले आणि काम पूर्ण झाल्याचा दाखला दिला. उद्यान विभागाने पालापाचोळा झाडून गटारात लोटला. विद्युत विभागाने पंप चालविले. वसतिगृहाच्या अधीक्षकांनी तक्रारी पुढे धाडल्या. प्रत्येकाने आपापले काम केले आणि पाणी सर्वांच्या कामांच्या मधल्या फटीतून वाहून गेले.

येथे सात प्रश्न झाले. पाच ही संख्या नियमाची नाही, सोयीची आहे. थांबावे कोठे, याची कसोटी अशी : जेथे उत्तर म्हणून एखादा असा निर्णय, नियम किंवा जबाबदारीचा अभाव सापडतो, जो बदलणे परिसरातील व्यवस्थेच्या हाती आहे, तेथे मूळ जवळ आले असे समजावे. ‘पाऊस कमी पडला’ हे उत्तर बदलता येत नाही, म्हणून ते संदर्भ आहे. कृतीचे स्थान नव्हे. उलट ‘पंपचालक निष्काळजी आहे’ हे उत्तर बदलता येण्यासारखे वाटते, पण तेही अकाली थांबणे होय. टाकीत पाणी किती आहे हे दाखविणारी खूण पंपगृहात नसेल आणि टाकीला पाणी आपोआप थांबविणारा तरंगता गोळा नसेल, तर त्या जागी कोणताही माणूस ठेवला तरी टाकी भरून वाहणारच. माणसावर बोट ठेवले की शोध संपतो आणि दोष तसाच राहतो.

अनेक मुळे

एका साखळीने मिळणारे समाधान फसवे असू शकते. वृक्षाला एकच मूळ नसते, तसेच टंचाईलाही नसते. ही अडचण ओळखून जपानी अभियंता काओरू इशिकावा (१९१५–१९८९) यांनी कारणांची एक आकृती प्रचारात आणली. माशाच्या सांगाड्यासारख्या दिसणाऱ्या या आकृतीत डोक्याच्या जागी समस्या लिहितात, आणि पाठीच्या कण्याला जोडलेल्या प्रत्येक काट्यावर कारणांचा एक गट मांडतात. परिसराच्या पाण्यासाठी स्रोत, साठवण, वाटप, वापर, देखभाल आणि व्यवस्थापन असे सहा काटे पुरेसे होतात. प्राध्यापक, पंपचालक, भटारखान्यातील स्वयंपाकी, माळी, सफाई कामगार आणि वसतिगृहातील विद्यार्थी यांनी एकत्र बसून ही आकृती भरली, तर कार्यालयातील नकाशात कधीच न दिसणाऱ्या गोष्टी पुढे येतात. कोणती झडप कधीच पूर्ण बंद होत नाही, हे झडप फिरविणाऱ्यालाच ठाऊक असते.

कारणे एकमेकांना पोसतातही. पाणी अनियमित आले की माणसे मिळेल तेव्हा सर्व बादल्या व पिंपे भरून ठेवतात आणि नवे पाणी आले की शिळे ओतून देतात. कोरडे नळ उघडे राहतात आणि पाणी आल्यावर कोणी जागेवर नसताना वाहत राहतात. त्यामुळे टाकी लवकर रिकामी होते आणि पुरवठा आणखी अनियमित होतो. अशा ठिकाणी पाण्याच्या वेळा कमी करून बचत साधण्याचा प्रयत्न उलटाच परिणाम घडवून आणू शकतो.

कारणे पुष्कळ असली तरी सर्वांचे वजन सारखे नसते. थोड्या कारणांतून बहुतेक परिणाम घडतात, हे निरीक्षण जोसेफ जुरान यांनी इटालियन अर्थशास्त्रज्ञ विल्फ्रेडो पॅरेटो यांच्या नावाने प्रसिद्ध केले. म्हणून प्रत्येक कारणापुढे त्यामुळे वाया जाणारे किंवा न मिळणारे पाणी लिटरांत लिहावे. विद्यार्थ्यांनी दात घासताना नळ बंद ठेवावा, ही सूचना योग्यच आहे. परंतु भुयारी नळवाट फुटलेली असताना केवळ भित्तिपत्रके लावणे म्हणजे भार चुकीच्या खांद्यावर टाकणे होय.

कुंपणापलीकडे

परिसराचे कुंपण अभ्यासाला उपयोगी असले, तरी जमिनीखालचे पाणी ते मानत नाही. चेन्नईच्या भूमीचेच उदाहरण घ्यावे. किनाऱ्यालगत वाळूचे थर आहेत, दक्षिणेकडील बऱ्याच भागात चार्नोकाइट नावाचा कठीण खडक आहे, तर काही ठिकाणी चिकणमाती आहे. वाळूत पाणी झटकन मुरते, पण अति उपसा केल्यास समुद्राचे खारे पाणी आत सरकते. शहराच्या उत्तरेस मिंजूरच्या पट्ट्यात असेच घडले. कठीण खडकात पाणी वरच्या झिजलेल्या थरात आणि भेगांतच साठते, म्हणून अधिक खोल खोदले की अधिक पाणी लागेलच असे नाही. चिकणमातीत उथळ खड्डा पाणी मुरविण्याऐवजी धरून ठेवतो. सर्व परिसरांना एकाच आराखड्याचे खड्डे लावणे हे म्हणूनच अनेक अपयशांचे मूळ असते.

जे पाणी पूर्वी जमिनीवर विसावत असे, त्याच्या जागाही गेल्या. दक्षिण चेन्नईतील पळ्ळिकरणै ही दलदल एकेकाळी सुमारे ५० चौरस किलोमीटर पसरलेली होती. आज तिचा जेमतेम दशांश भाग उरला आहे. २०२२ साली तिला रामसर करारानुसार आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ भूमी म्हणून मान्यता मिळाली. आज शहरात ज्यांच्या कूपनलिका आटतात, त्यांतील कित्येक इमारती तलावांच्या आणि पाणथळीच्या जागी उभ्या आहेत.

टँकरचे पाणीही आकाशातून येत नाही. चेन्नईच्या टँकरांतील पुष्कळ पाणी शहराभोवतालच्या तिरुवळ्ळूर, कांचीपुरम अशा जिल्ह्यांतील विहिरींतून आले. ज्याची विहीर आहे त्याला पाण्याचे पैसे मिळतात. शेजाऱ्याच्या विहिरीची पातळी मात्र फुकट उतरते, आणि ज्या मजुराला शेतात काम मिळत होते त्याचे काम जाते. परिसराच्या ताळेबंदात टँकरच्या पाण्यापुढे केवळ रुपयांचा आकडा लिहिला जातो. त्याच्या शेजारी ते पाणी कोणत्या गावाचे, हेही लिहिले जावे. तसे झाल्यास एका ठिकाणची टंचाई दुसऱ्या ठिकाणी हलविणे म्हणजे ती दूर करणे नव्हे, ही गोष्ट दर महिन्याच्या हिशेबातच दिसू लागेल.

उपाय आणि पडताळा

मूळ कारण सापडल्याचा पुरावा एकच : ते दूर केल्यावर लक्षण नाहीसे झाले पाहिजे, आणि पुन्हा उद्भवता कामा नये. काल्पनिक परिसराच्या उदाहरणात उपायांचा क्रम असा निघतो. प्रथम वाहणाऱ्या टाक्यांना तरंगते गोळे आणि मुख्य नळवाटांना मापक. कारण त्यांचा खर्च कमी आणि लाभ तात्काळ. नंतर भुयारी गळतीची दुरुस्ती आणि टोकाच्या इमारतींकडे जाणाऱ्या वाटपाची फेररचना. त्याबरोबरच पावसाळ्यापूर्वी पुनर्भरण-खड्ड्यांची सफाई, तीही एका नामनिर्देशित अधिकाऱ्याच्या जबाबदारीवर आणि स्वतंत्र तरतुदीतून. सांडपाण्याच्या पुनर्वापराची योजना खर्चिक असल्याने तिची आखणी मोजमापे हाती आल्यावर करावी. नवी कूपनलिका या यादीत शेवटी येते, आणि पुष्कळदा तिची गरजच उरत नाही.

पडताळ्याच्या बाबतीत सावधगिरी बाळगावी लागते. तामिळनाडू राज्याने २००३ साली सर्व इमारतींना पर्जन्यजल-संचयाची योजना सक्तीची केली. पुढील काही वर्षांत चेन्नईतील भूजलाची पातळी वर आली आणि त्याचे श्रेय या नियमाला देण्यात आले. ते अयोग्य नव्हते; परंतु २००५ साली पाऊसही अत्यंत विपुल झाला होता, हे विसरून चालणार नाही. चांगल्या पावसाच्या वर्षी कोणताही उपाय यशस्वी दिसतो. त्याचा परिणाम असाही होतो की, चार सुबत्तेची वर्षे गेली की देखभाल मागे पडते. २०१९ साली टंचाई आली तेव्हा अनेक इमारतींतील संचय-व्यवस्था केवळ नियमाची पूर्तता म्हणून उभ्या होत्या. त्यांच्या नळ्या तुंबलेल्या होत्या. बांधणे सक्तीचे झाले होते. राखणे झाले नव्हते.

यास्तव उपायानंतरची पातळी त्याच्या आधीच्या पातळीशी नुसती ताडून पाहणे पुरेसे नाही. साधारण सारख्याच पावसाची दोन वर्षे निवडून तुलना करावी आणि कमी पावसाच्या निदान एका वर्षाची वाट पाहावी. त्यासाठी लागणारी साधने मोजकी आहेत : एक पर्जन्यमापक, विहिरीत सोडण्याची खुणा केलेली दोरी, नळवाटांवरील मापक आणि एक नोंदवही. दर महिन्याच्या पहिल्या तारखेला विहिरीची स्थिर पातळी, महिन्याचा पाऊस, उपसा, टँकरची संख्या आणि सर्वांत टोकाच्या नळाला किती तास पाणी आले, एवढ्या पाच नोंदी पुरतात. यांतील पाचवी नोंद सर्वांत सोपी आणि सर्वांत दुर्लक्षित आहे. चाळीतील त्या नळापाशी पहाटे चारची रांग उरली आहे की नाही, हे तिच्यावरून कळते. आणि तेथे रांग उभी असेपर्यंत शोध पूर्ण झाला असे म्हणता येत नाही.